राहतो आणि राहून राहिलो

इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे असतात, की त्यांची उत्तरे तो एका जून महिन्यात देतो आणि पुढच्या जूनमध्ये तीच उत्तरे त्यास पुनः द्यावी लागतात. साधा वर्तमानकाळ कोठे योजावा आणि चालू वर्तमानकाळ कोठे, हा त्यांपैकी पहिला प्रश्न होय. आमच्या वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरविली होती. तीच झिजलेली प्रत पुढे आमच्या हाती आली, आणि हा प्रश्न आपल्यापुरता कायमचा सुटला अशी आमची समजूत झाली. नियम सोपा आहे. जी गोष्ट नेहमी घडते, किंवा जी स्वभावतःच तशी आहे, ती साध्या वर्तमानकाळात सांगावी. जी बोलण्याच्या क्षणी चालू आहे, किंवा जी काही काळापुरतीच आहे, ती चालू वर्तमानकाळात सांगावी. सूर्य पूर्वेस उगवतो, तेव्हा 'राइझेस'. तो पाहा सूर्य उगवत आहे, तेव्हा 'इज रायझिंग'. हे फळ्यावर लिहावयास दोन मिनिटे पुरतात. परंतु त्याचा अर्थ आम्हांस स्वतःस कळावयास अठ्ठावीस वर्षे लागली, आणि तो कळला माजरीस, एका विद्यार्थिनीच्या वहीत आम्हीच ओढलेल्या तांबड्या रेघेमुळे. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माजरी हे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात आहे. वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे जंक्शन. येथून एक फाटा निघून वर्धा नदीपलीकडे वणीच्या बाजूस जातो. दिल्लीहून चेन्नईस जाणाऱ्या गाड्या या मार्गाने धावतात, आणि त्यांतील बहुतेक उतारूंना माजरी म्हणजे खिडकीबाहेरून सरकत जाणारी मालगाडीच्या काळ्या डब्यांची एक रांग, एवढीच ठाऊक असते. गावाचे सारे आयुष्य जमिनीखालच्या कोळशावर उभे आहे. त्या कोळशाने मराठी माणसाच्या शेजारी हिंदी आणि तेलुगू बोलणारी माणसे आणून बसविली आहेत, आणि बाजाराच्या दिवशी तिन्ही भाषा एकाच पिशवीतल्या भाजीप्रमाणे एकमेकींत मिसळलेल्या ऐकू येतात. आम्ही मूळचे पुण्याकडचे. नोकरीच्या निमित्ताने या जिल्ह्यात आलो आणि येथेच रमलो. गेली काही वर्षे दर रविवारी माजरीस जाऊन तेथील एका स्नेह्यांच्या ओसरीवर दहावी-बारावीच्या मुलामुलींचा इंग्रजीचा वर्ग आम्ही घेत असतो.

प्रथम एक जुना अपराध कबूल केला पाहिजे. या भागात आमच्या नोकरीचे पहिलेच वर्ष होते. एक मुलगा तासास उशिरा आला. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, गाडी लेट येऊन राहिली." आम्हांस हे बोलणे नवे होते आणि विनोद करण्याचे वय होते. आम्ही म्हणालो, "येऊन राहिली? मग ती राहिली कोठे, धर्मशाळेत की कोणा नातेवाइकाकडे?" वर्ग खो खो हसला. तो मुलगाही हसला. परंतु त्या वर्षात तो आमच्या तासास पुनः एकदाही तोंड उघडून बोलला नाही. मुलगा स्वभावाने लाजाळू असावा, असे आम्ही त्या वेळी ठरवून टाकले. माणसाला स्वतःच्या चुकीचे कारण दुसऱ्याच्या स्वभावात फार लवकर सापडते.

आता वहीची गोष्ट. 'माझे गाव' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहावयास आम्ही सांगितल्या होत्या. बारावीतल्या एका मुलीने पहिलेच वाक्य लिहिले होते, 'वुई आर लिव्हिंग इन माजरी.' आम्ही नेहमीच्या सवयीने मधल्या दोन शब्दांवर तांबडी रेघ ओढली, वर 'लिव्ह' असे लिहिले, आणि समासात शेरा दिला, 'कायमच्या गोष्टीस साधा वर्तमानकाळ.' पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती वही घेऊन आली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "सर, पण आमी माजरीत कायमचे नाई राहत. आमी राहून राहिलो."

धर्मशाळेचा जुना विनोद ओठांपर्यंत आला होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो गिळला आणि कारण विचारले. तिने सांगितले ते थोडक्यात असे. वडील खाणीत कामाला. राहते घर म्हणजे खाणीच्या वसाहतीतले क्वार्टर. वडिलांची सेवानिवृत्ती पुढील वर्षी. त्यानंतर क्वार्टर सोडावयाचे. आजोबांचे शेत होते ते उघड्या खाणीत गेले; त्या जागी आता मोठा खड्डा आहे. "मग कुठं जाऊ, ते बाबालेच अजून ठाऊक नाई," ती म्हणाली.

आम्ही वही हातात घेऊन बराच वेळ गप्प उभे राहिलो. जो नियम आम्ही समासात लिहिला होता, त्याच नियमाचे उत्तरार्ध तिचे वाक्य होते. जन्मापासून सतरा वर्षे एके ठिकाणी घालविलेल्या मुलीस आपला मुक्काम तात्पुरता वाटावा, ही गोष्ट खेदाची असेल. परंतु ती तशी वाटत असता तिने 'लिव्हिंग' लिहिणे ही व्याकरणाची चूक नव्हती. इंग्लंडातला कोणीही सुशिक्षित मनुष्य, ज्याचे घर अजून ठरावयाचे आहे, तो हेच रूप वापरील. चूक आमची होती. 'माजरीत राहणे' ही गोष्ट कायमची की काही काळापुरती, हे आम्ही तिला न विचारता ठरविले होते. काळाची निवड वाक्य पाहून करता येत नाही, ती वाक्यामागचे आयुष्य पाहून करावी लागते, हा त्या दिवशीचा आमचा पहिला धडा.

दुसरा धडा तिच्या घरी मिळाला. पुढे महाविद्यालयातील प्रवेशाचा अर्ज भरावयाचा होता, म्हणून तिने घरी येण्याची विनंती केली. दारात तिचा धाकटा भाऊ खेळत होता. वडील या घटकेस काय करीत आहेत हे जाणून घेण्यासाठी आम्ही आमच्या पुणेरी मराठीत त्यास विचारले, "बाळ, बाबा काय करतात?" तो अभिमानाने म्हणाला, "खाणीत ड्युटी करतात." म्हणजे गृहस्थ कामावर गेले आहेत, असे समजून आम्ही परतण्याच्या बेतात होतो, तोच आतून त्याच्या आईचा आवाज आला, "या ना सर, बसा. हे झोपून राहिले. रातपाळी होती."

ही गंमत नीट पाहण्यासारखी आहे. आमच्या प्रश्नाचे दोन अर्थ होत होते. 'काय करतात' म्हणजे पोटासाठी कोणता धंदा करतात, आणि 'काय करतात' म्हणजे या क्षणी कशात गुंतले आहेत. शिष्ट मराठीत लिहितो, लिहीत आहे आणि लिहीत असतो अशी तीन रूपे आहेत खरी; परंतु नित्याच्या बोलण्यात आपण पहिल्या रूपावरच सारा संसार चालवितो. 'मी आता जेवतो' हेही तेच, 'मी दहा वाजता जेवतो' हेही तेच. इतकेच काय, निरोप घेऊन घराबाहेर पडणारा मनुष्य 'येतो' असे म्हणतो आणि प्रत्यक्षात जातो. त्यातही काळ वर्तमानच! माजरीच्या त्या पोराच्या बोलीत मात्र हा घोटाळा होतच नाही. धंदा विचारावयाचा असेल तर 'काय करतात', या क्षणाचे विचारावयाचे असेल तर 'काय करून राहिले'. जो भेद इंग्रजी वैयाकरण मोठ्या कष्टाने शिकवितो, तो भेद सहा वर्षांच्या मुलाच्या कानात पक्का बसलेला होता. आम्ही चुकीचे रूप वापरले आणि त्याने त्या रूपास योग्य असे उत्तर दिले.

'करून राहिलो' हे रूप हिंदीतील 'कर रहा हूँ'च्या शेजारामुळे आले, असे सामान्यतः मानतात, आणि तसे होणे अगदी स्वाभाविक आहे. 1861 साली मध्यप्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि चांदा जिल्हा त्या प्रांतात होता. 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत येथील मराठी माणूस हिंदी माणसाबरोबर एकाच राज्यात नांदला. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड 1905 साली निघाला, त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी या बोलींची स्वतंत्र दखल घेतलेली आहे. म्हणजे परकीय अधिकाऱ्याने ज्या बोलीस कागद आणि शाई दिली, तिला आम्ही स्वकीयांनी वर्गात हशा दिला. दोन घरांमध्ये एक भिंत असली की एका घरचा दिवा दुसऱ्या घरी थोडासा दिसतो. त्यास चोरी म्हणत नाहीत.

एवढे बोलणे होते तोच यजमान उठून बाहेर आले. आमच्या तोंडून हा विषय ऐकून ते प्रथम हसले, आणि मग जे बोलले ते कोणत्याही व्याकरणात आमच्या वाचण्यात आलेले नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षे त्यांनी भूमिगत खाणीत काढली होती. ते म्हणाले, "सर, वरचा दगड आवाज करते, हे रोजचंच हाय. त्याले कोणी भेत नाई. पण कोणी म्हटलं का दगड आवाज करून राहिला, तर हातातलं टाकून मागं सरा लागते." कोळशाचेही तसेच. कोळसा जळतो, हा त्याचा गुण. त्याच गुणासाठी त्यास बाहेर काढतात. परंतु ढीग घालून ठेवलेल्या कोळशाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्याच्या पोटात ऊब साठत जाते, आणि बाहेरून कोणी काडी न लाविता तो आपोआप पेट घेऊ शकतो. तेव्हा 'कोळसा जळते' असे म्हणणारा माणूस शास्त्र सांगत असतो, आणि 'कोळसा जळून राहिला' असे म्हणणारा मदतीस बोलावीत असतो. आमच्या वर्गात काळ चुकला तर अर्धा गुण जातो. खाणीत तो चुकला तर काय जाईल, हे निराळे सांगावयास नको.

त्या संध्याकाळी परतताना गाडीची वाट पाहत आम्ही माजरीच्या फलाटावर बसलो होतो. वेळापत्रकातली गाडी 'येते'. ध्वनिक्षेपकातली गाडी 'येत आहे'. पहिली कागदावर असते, दुसरीसाठी पिशवी उचलावी लागते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाची आठवण झाली. त्याची गाडी खरोखरच येऊन राहिली होती. ती धर्मशाळेत उतरली नव्हती.

आता कोणी विचारील, इंग्रजीचा नियम तरी मुळापासून असाच होता काय? तसे नाही. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात पोलोनियस पुस्तक वाचीत असलेल्या राजपुत्रास, काय वाचता, असे विचारतो, आणि तेथे नाटककाराने साधा वर्तमानकाळ योजला आहे. आज तो प्रश्न कोणी विद्यार्थ्याने तसा लिहिला तर आमच्यासारखा मास्तर त्यावर तांबडी रेघ ओढील. त्याहून मौजेची गोष्ट कर्मणी प्रयोगाची. घर बांधले जात आहे, हे सांगावयास अठराव्या शतकातला इंग्रज 'दि हाऊस इज बिल्डिंग' असे म्हणे. 'इज बीइंग बिल्ट' हे रूप पुढे रूढ होऊ लागले तेव्हा एकोणिसाव्या शतकातील कित्येक पंडितांनी त्यावर गहजब केला. रिचर्ड ग्रँट व्हाइट या अमेरिकन टीकाकाराने 1870 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या एका रूपाच्या निषेधार्थ सबंध प्रकरण खर्ची घातले. त्या पंडितांची नावे आज ग्रंथालयात शोधावी लागतात, आणि 'इज बीइंग बिल्ट' हे रूप आम्ही दहावीच्या मुलांना शुद्ध म्हणून शिकवितो. ज्या रूपावाचून लोकांचे अडते, ते रूप लोक घडवितात. पंडितांची संमती मागाहून येते. 'येऊन राहिली' या रूपास ती अजून यावयाची आहे, एवढाच काय तो फरक.

तथापि आपल्या शोधाच्या आनंदात शिक्षकाने सत्यास बाध आणू नये. बोलीचे आणि इंग्रजीचे सर्वत्र जुळते असे मुळीच नाही. 'उद्या नागपूरले जाऊन राहिलो' म्हणजे जाण्याचे ठरले आहे. येथे इंग्रजीही 'आय अॅम गोइंग' असेच म्हणते, आणि जोडी उत्तम जमते. 'मले ठाऊक हाय' येथे 'राहिलो'ला थारा नाही, आणि इंग्रजीतही 'नो' या क्रियापदास 'इंग' लागत नाही. मग आमची मुले 'आय अॅम नोइंग' का लिहितात? आमच्या मते ती 'माहीत आहे' यातील 'आहे'स भुलतात आणि त्याच्या जागी 'अॅम' आणून बसवितात. त्यांना स्वतःच्या बोलीत एकदा म्हणून पाहावयास सांगितले, तर 'ठाऊक होऊन राहिलं' हे त्यांच्याच कानास खटकते आणि चूक निम्म्याने कमी होते. परंतु 'दिसून राहिलं', 'ऐकू येऊन राहिलं' ही रूपे बोलीत सर्रास चालतात, आणि तेथे इंग्रजी मात्र 'आय सी', 'आय हिअर' असा साधा काळच मागते. अशा ठिकाणी बोलीचा हात सोडून पाठांतराचा हात धरावा लागतो.

या चालू काळाच्या अतिरेकावरून भारतीयांची थट्टाही पुष्कळ झाली आहे. निस्सिम इझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता महाविद्यालयांतून शिकविली जाते, आणि तिचा सारा विनोद या 'इंग'च्या भाराभर वापरावर उभा आहे. इझिकेल मुंबईच्या बेने इस्रायल समाजातले. त्या समाजाची घरची भाषा मराठी, आणि इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर करण्यातही त्यांचा हात होता. त्यांची थट्टा घरच्या माणसाची होती. आम्ही ती कविता अनेक वर्षे शिकविली आणि अनेक वर्षे मुलांना हसविले. परंतु मिस पुष्पाच्या निरोपाचे भाषण करणारा तो वक्ता मनापासून बोलत आहे, इकडे आमचे लक्ष क्वचितच गेले. आता आधी तिकडे लक्ष वेधतो, आणि मग हसावयाचे असेल तर सारे मिळून हसतो.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. सहा वर्षांच्या मुलापुढे आपण एक परकी भाषा ठेवतो, आणि त्याच वेळी त्याची घरची बोली अशुद्ध ठरवितो. एका हाताने नवे घर दाखवावयाचे आणि दुसऱ्या हाताने जुन्या घराची शिडी काढून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे. बोली हीच परीक्षेत लिहावी, असे आमचे म्हणणे नाही; ग्रांथिक मराठी आम्ही अर्ध्या मात्रेसाठी अडून शिकवितो. परंतु आता या पाठाच्या दिवशी फळ्यावर पहिले वाक्य इंग्रजी नसते. 'कोळसा जळते' आणि 'कोळसा जळून राहिला' ही दोन वाक्ये आम्ही शेजारी शेजारी लिहितो आणि फरक विचारतो. मागच्या बाकावरची मुलेही हात वर करतात. त्यानंतर इंग्रजी वाक्ये लिहिली की ती त्यांना नवी वाटत नाहीत.

असो. अर्जाची गोष्ट सांगून हा लेख आटोपता घेतो. अर्जात दोन रकाने होते, 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. सरकारी कारकुनाने अभावितपणे दोन्ही वर्तमानकाळ छापून ठेवले होते. मुलीने पहिला रकाना भरभर भरला, दुसऱ्यापाशी लेखणी थांबली, आणि तिने आमच्याकडे पाहिले. आम्हांस शेजारचे वरोरा आठवले. तेथेही एके काळी कोळशाची खाण होती, ती 1906 साली बंद पडली. खाण बंद झाली, गाव राहिले. परंतु एका कुटुंबाने कोठे राहावे, हे त्या उदाहरणावरून सांगता येईना. इतकी वर्षे काळाचे नियम शिकवून त्या एका रिकाम्या रकान्यात काय लिहावे, हे आम्ही सांगू शकलो नाही.

तिचे वडील चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "लिही, माजरी. बदललं, त मग बदलवू."

तिने माजरी असे लिहिले. आम्ही तिची वही मागून घेतली, समासातला आमचा शेरा खोडला, आणि तिच्या वाक्याखाली आमच्या सहीनिशी 'बरोबर' असे लिहून दिले.